पौर्णिमेची ओहोटी

शेजारी सांगत, रिक्षा कळव्याच्या पुलावर आली की साळवी सर बोलता बोलता थांबत आणि मान वळवून खाडीकडे पाहत. खाडी भरलेली असली की पुन्हा बोलू लागत. चिखल उघडा पडलेला असला तर पूल संपेपर्यंत समोरचा दांडा घट्ट धरून बसत. लोकांना पाणी चढल्याची भीती वाटते. सरांना पाणी उतरल्याची वाटे.

वर्तकनगरच्या आमच्या कॉलनीत ते आमच्या खालच्या मजल्यावर राहत. शाळेत त्यांनीच मला भूगोल शिकवला. "कारण सांगा, मार्क घ्या," हे त्यांचं पालुपद. पाऊस का लांबला इथपासून कुणाचं दूध का नासलं इथपर्यंत, कारण नाही अशी गोष्टच त्यांच्याकडे नसे.

निवृत्तीनंतर त्यांनी कॉलनीची दक्षिणेची सहल काढली. त्सुनामी आली तो डिसेंबर. मी आईला घेऊन गेलो होतो. त्या दिवशी दत्तजयंती होती, आणि आईला समुद्राचं पाणी डोळ्यांना लावायचं होतं. आम्ही सकाळी तमिळनाडूतल्या एका किनाऱ्यावर पोचलो, तर समुद्र पार मागे गेलेला. ओल्या वाळूत मासे तडफडत होते. आई बिचकली.

"वहिनी, आज पौर्णिमा. ओहोटी मोठी असणारच," सर म्हणाले.

"पण पाणी परत कधी येईल?"

"दुपारपर्यंत नाही. चला, मी येतो सोबत."

सर सोबत आहेत म्हणून मी निर्धास्तपणे वर टपरीवर चहा घेत थांबलो. दोघं पाण्यामागे चालत गेली. मग दूरवर पांढरी रेघ दिसली. सरांनी आईचा हात धरला, दोघं वळून धावू लागली, एवढं मी पाहिलं. पुढच्या क्षणी टपरीच उरली नाही; मी मागच्या खांबाला धरून वाचलो.

सर एका माडाला अडकलेले सापडले. आई सापडलीच नाही. तिला शोधत आम्ही त्या गावात फिरलो. होड्या घरांवर चढल्या होत्या. विहिरी खारट झाल्या होत्या, भातशेतात मिठाचा चिखल बसला होता. ज्यांचं सगळं गेलं तीच माणसं आम्हाला प्यायला पाणी देत होती. तिथेच, एका पडक्या भिंतीपाशी, मी सरांना विचारलं, "सर, तुमचा हात सुटला की तुम्ही सोडला?"

त्यांनी आपल्या तळव्याकडे पाहिलं. "मला माहीत नाही रे, प्रमोद."

लाट आली तेव्हा मी स्वतः चहा पीत उभा होतो. मला विचारणारं कोणी नव्हतं, म्हणून मी त्यांना विचारलं. पुढे कितीतरी वर्षं जिन्यात ते दिसले की मी फक्त मान हलवून पुढे जाई.

सर मात्र शाळाशाळांतून जाऊन सांगत राहिले. त्सुनामीशी चंद्राचा संबंध नसतो. समुद्राचा तळ भूकंपाने उचलला जातो आणि वरचं सगळं पाणी ढकललं जातं. खोल समुद्रात लाट होडीखालून जाते, तरी आतल्या माणसाला कळत नाही. किनाऱ्याजवळ तळ उथळ झाला की ती मंदावते आणि उंच होते. कधी कधी त्याआधी पाणी मागे ओढलं जातं. "तेव्हा उंचावर पळायचं. आणि तिथे भूगोलाचा मास्तर भेटला तर त्याला काही विचारायचं नाही," असं म्हणून ते संपवत. दिवा स्टेशनजवळच्या एका शाळेत एक मुलगी म्हणाली, सर, आमच्याकडे तर नळालाच पाणी नाही. सर हसले म्हणे. हे मी दुसऱ्यांकडून ऐकलं. मी कधी गेलो नाही.

गेल्या वर्षी ते ठाण्यातल्या इस्पितळात होते. त्यांच्या मागेपुढे कोणी नव्हतं, म्हणून मी गेलो. त्यांचा हात हातात घेतला आणि म्हटलं, सर, तो प्रश्न मी विचारायला नको होता.

"प्रश्न बरोबर होता," ते म्हणाले. "मला उत्तर आलं नाही." मग थोड्या वेळाने विचारलं, "खाडी भरल्ये का रे?"

"भरल्ये, सर." येताना मी पाहिलं नव्हतं.

त्यांनी डोळे मिटले. मीही तसाच बसून राहिलो. सिस्टर आली, तिने नाडी पाहिली आणि माझ्याकडे पाहून नकारार्थी मान हलवली. तेव्हा मी खाली पाहिलं. सरांचा हात चादरीवर एकटाच पडला होता, माझा माझ्या मांडीवर. सुटला की मी सोडला, मला माहीत नाही.