माझ्या बाजूचे तणावे

दिघीच्या माळावर आमच्या इंजिनिअर कंपनीचा कॅम्प पडला तेव्हा मी लान्स नायक होतो. साल पंचावन्न असावं. माझं गाव मोशी, माळापासून दोन तासांची पायवाट. वडील इंद्रायणीवर नाव चालवायचे, त्यामुळे दोरी हातात धरूनच मी मोठा झालो. सतरा प्रकारच्या गाठी मी डोळे मिटून मारत असे. कंपनीत मला गाठमास्तर म्हणत. ते नाव मला फार आवडायचं, हे आधीच सांगून टाकतो.

दिवस ठरलेला असे. साडेपाचला उठणं, सहाला पीटी, आठला फॉल-इन, मग पूलबांधणीचा सराव आणि संध्याकाळी तंबूंची पाहणी. तंबू ताठ ठेवणाऱ्या दोऱ्यांना तणावे म्हणतात. एक टोक तंबूला, दुसरं जमिनीत ठोकलेल्या मेखेला. आमच्या अंबाडीच्या दोऱ्या उन्हात सैल पडायच्या आणि भिजल्या की आखडायच्या. म्हणून दिवसातून दोन-तीनदा प्रत्येक गाठ सोडून पुन्हा मारावी लागे. पाहणीला सुभेदार साहेब तणाव्यावर बोट मारून बघत. माझे तणावे नीट वाजत.

मग दुसऱ्या प्लाटूनमधून रशीद शेख आमच्याकडे आला. तोही लान्स नायक, चाकणचा. त्याच्या वडिलांचं टांगे दुरुस्तीचं दुकान होतं. आल्यावर चार दिवसांत त्याने मोडक्या खोक्यांच्या फळ्या कापून चार-चार बोटांच्या पट्ट्या केल्या. प्रत्येकीला दोन टोकांना दोन भोकं. तणावा एका भोकातून ओवायचा, मेखेला वळसा देऊन परत आणायचा, दुसऱ्या भोकातून काढून टोकाला गाठ द्यायची. झालं. पट्टी वर सरकवली की तणावा ताठ, खाली सरकवली की ढिला. इंग्रजांच्या वेळच्या तंबूंना असे रनर असायचे. आमच्या वाट्याला आलेल्या जुन्या तंबूंचे कधीच हरवले होते. हल्ली तरुण मंडळी किल्ल्यांवर कॅम्पिंगला जाताना ॲल्युमिनियमचे चिमुकले रनर नेतात, तीच ही वस्तू.

माझ्या सेक्शनला एका तंबूचे तणावे सारखे करायला वीस मिनिटं लागत. रशीदचा कालपरवा आलेला रिक्रूट तेच काम चार मिनिटांत उरकून चहा प्यायला बसे. माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

"गाठमास्तर, आता पेन्शन घ्या राव," लोक चिडवायचे. रशीद मात्र हसत नसे. तेही मला खुपायचं.

त्यात नायकाची एकच जागा रिकामी झाली. सुभेदार साहेबांनी आम्हा दोघांना बोलावलं. म्हणाले, "नाव एकाचंच जाईल. कामावर नजर आहे."

दंडावरची ती दुसरी फीत, नायकाची खूण, मला हवी होती. त्याहून जास्त, ती रशीदला मिळायला नको होती.

ऑक्टोबरात हिवतापाची साथ आली. आजाऱ्यांसाठी मोठा तंबू उभारला आणि नऊ जण त्यात ठेवले. उजव्या बाजूचे तणावे रशीदच्या सेक्शनकडे, डाव्या बाजूचे माझ्याकडे. रशीद पट्ट्यांची पिशवी घेऊन आला.

"म्हादू, तुझ्या बाजूला बी लावू का? धा मिंटांचं काम हाय."

"नको. माझ्या गाठी मला पुरतात."

सुभेदार साहेबांनी विचारलं, "खात्री आहे?"

"साहेब, सुतासारखी सरळ बाजू ठेवीन."

ठेवलीही. सुरगाठीने तणावा मारायचा म्हणजे ओढताच सुटतो, हे वडिलांनी मला शिकवलेलं. पण सुरगाठ किंचित सरकते, आणि रशीदच्या बाजूपुढे माझी बाजू बोटभरही ढिली दिसायला नको होती. मी प्रत्येक सुरगाठीवर निरगाठ मारली आणि मेखा ठोकायच्या मोगरीच्या दांड्याने आवळली. दोरी भिजली तर ती सुटणार नाही, हे मला माहीत होतं. हेव्यापोटी मी ते मनाआड केलं.

तिसऱ्या दिवशी दुपारी तीन वाजून दहा मिनिटांनी आळंदीच्या बाजूने वारा सुटला. सव्वातीनला पाऊस. ऑर्डर आली, "सगळे तणावे ढिले करा!" रशीदची माणसं पट्ट्या खाली सरकवत पुढे गेली. त्यांची बाजू दोन मिनिटांत झाली.

माझी एकही गाठ हलेना. नखं तुटली. मोगरीचा दांडा घालून पाहिला, तो मोडला. दोऱ्या आखडत होत्या आणि मधला खांब करकरत होता. दोन मेखा उपटून आल्या. आतून नर्सिंग ऑर्डर्ली ओरडला, "खांब वाकतोय! मी एकटा नऊ जणांना कसं काढू?"

शेजारच्या तंबूत फील्ड टेलिफोनवर सुभेदार साहेब बोलत होते. "ट्रक पाठवा. होय, आत्ता. नऊ पेशंट."

रशीद माझ्या बाजूला आला. हातात चाकू, खिशात पट्ट्या.

"सगळ्या कापू नगं, तंबू पडंल. एकेक घेऊ. तू दोरी धर."

मी धरली. तो गाठ कापी, पट्टी ओवी, ढील देई आणि पुढे सरके. तीन तणावे झाले. खांब करकरायचा थांबला. चौथा कोपऱ्याचा होता, मी सगळ्यात जास्त आवळलेला. रशीद वाकला, तेवढ्यात लोखंडी मेख जमिनीतून उसळली आणि त्याच्या कानशिलावर बसली.

तंबू उभा राहिला. नऊच्या नऊ जण ट्रकमध्ये चढले. रशीदलाही त्याच ट्रकमध्ये घातलं. हॉस्पिटल यायच्या आत तो गेला.

संध्याकाळच्या फॉल-इनला साहेबांनी त्याचं नाव वाचलं. साऱ्या कंपनीने टोप्या काढल्या. चिखलाने माखलेला मी रांगेत उभा होतो आणि माझ्या मनात आलं, माझं नाव असं कधी कुणी वाचणार नाही. त्याला जाऊन तीन तास झाले होते, तरी मी जळत होतो.

चौकशीत लिहिलं गेलं की दोरी आखडून मेख उपटली. निरगाठीबद्दल कुणी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. महिन्याने फीत मला मिळाली.

ती लावूनच चाकणला गेलो. रशीदचे वडील टांग्याच्या चाकाला लोखंडी धाव बसवत होते. मी बसलो नाही. उभ्यानेच सगळं सांगितलं, निरगाठीसकट.

त्यांनी हातोडा खाली ठेवला. मग म्हणाले, "गाठवाला म्हादू तो तुमीच व्हय? सुट्टीवर आला की तुमचंच सांगायचा. म्हनायचा, अब्बा, त्याच्यासारखी गाठ मला जन्मात जमायची न्हाई. लई जीव जळायचा त्याचा. म्हनून तर त्यानं त्या पट्ट्या काढल्या."

त्यांनी हातोडा पुन्हा उचलला.

"खरं बोललात. आता जावा. परत या दारात येऊ नका."

मी परत गेलो नाही. लान्स नायक रशीद शेख, गाव चाकण, वय चोवीस. नायकाची फीत त्याची होती. पुढे अकरा वर्षं ती माझ्या दंडावर राहिली.