सासूबाईंना डुलकी लागायची ती पानं

लग्न होऊन रेवदंड्याला आले तेव्हा मी गोष्टी लिहिते हे घरात फक्त नवऱ्याला ठाऊक होतं. तो बोटीवर गेला की घरात मी आणि सासूबाई दोघीच. सकाळी त्या बाजारात मासळी विकून यायच्या. दुपारी अंगणात जवळा वाळत घातलेला असायचा आणि कावळे हाकलायला आम्ही पडवीत बसायचो. एकदा त्यांनी विचारलं, सारखं काय लिहीत बसतेस. मी सांगून टाकलं. त्या म्हणाल्या, "मंग वाच की. मना कुठं वाचता येतं?"

तोवर मी पाठवलेल्या कथा मासिकांकडून साभार परत आल्या होत्या. काहींचं तर उत्तरही नव्हतं. त्यातलीच एक वाचायला घेतली. संध्याकाळ, समुद्र, नायिकेचं उदास मन. दुसऱ्या पानावर सासूबाईंची मान कलली. मला वाईट वाटलं. पण पुढेही तसंच व्हायला लागलं. ढग आणि वारा लांबला की त्यांना डुलकी लागायची, माणसं बोलायला लागली की जाग यायची. मी गुपचूप पेन्सिलीने खुणा करू लागले आणि डुलकीची पानं कापू लागले. त्यांचं सगळंच ऐकलं असं नाही. प्रत्येक नायिकेला शेवटी मुलगा व्हावा, हा त्यांचा आग्रह मी कधीच मानला नाही.

अशीच एक कथा तयार झाली. बाजारात बसायच्या जागेवरून भांडलेल्या दोन कोळणी, वर्षानुवर्षं अबोला, आणि एक आजारी पडल्यावर दुसरी तिची मासळीची पाटी विकून देते. दिवाळी अंकाच्या संपादकांचा फोन आला. कथा घेतो, म्हणाले, पण भांडण फार लांबलंय, त्यातली बोली शहरातल्या वाचकांना कळायची नाही, तेवढं काढा. नेमकं तेच ऐकताना सासूबाईंना हसून हसून ठसका लागला होता. मी त्यांना सांगितलं तर त्या हातातलं काम थांबवून म्हणाल्या, "भांडल्याच न्हाईत तर गोड कशाला होतील गो?"

दुसऱ्या दिवशी धीर करून फोन लावला आणि सासूबाई असं म्हणतात म्हणून सांगितलं. संपादक हसले. "त्यांना नाही म्हणायची माझी छाती नाही," म्हणाले. भांडण जसंच्या तसं छापलं.

दिवाळीनंतर मानधन खात्यात जमा झालं. माझं पहिलंच. सासूबाईंना लुगडं घ्यावं असं मनात होतं, पण त्यांना अंक हवे होते. रिक्षाने आम्ही दोघी अलिबागला गेलो आणि स्टॉलवर उरलेले सगळे अंक उचलून आणले. त्यांनी ते बाजारातल्या बायकांना वाटले. ज्यांना वाचता येत नव्हतं त्यांनी घरी लेकीसुनांकडून वाचून घेतलं.

चार दिवसांनी बाजारात सासूबाईंच्या शेजारी बसणारी कोळीण घरी आली. तिचा चेहरा बघून मी घाबरलेच. मागे जागेवरून तिचं आणि सासूबाईंचं खरंच वाजलं होतं. ती पडवीत टेकली, पदराने घाम पुसला आणि मला म्हणाली, "ती आजारी पडणारी मी हाय, व्हय ना?"

मी काही बोलायच्या आत सासूबाई आतून चहा घेऊन आल्या आणि म्हणाल्या, "न्हाय गो, ती मी. तू पाटी विकणारी."

ती खुशीत चहा प्यायली.