चष्मा घाल आधी

सेनगावात मला पाहायला येणारे पाहुणे पोहे खायचे आणि मागून निरोप धाडायचे, पोरगी चांगली आहे, पण चष्मा आहे. शेवटी वडिलांनी माझ्या डोळ्यांचं लेसर ऑपरेशन करून घेतलं. काही महिने डोळे कोरडे वाटतील, असं डॉक्टर म्हणाले. चष्मा गेला, लग्न झालं, माझी मुलगी शाळेत जायला लागली, तरी डॉक्टरांचे ते काही महिने अजून संपलेले नाहीत. डोळ्यांत सतत वाळू गेल्यासारखं खुपतं. अंधार पडल्यावर समोरून जीप आली की तिचे दिवे फुटून रस्ताभर पसरतात. हिंगोलीत हळदीचा हंगाम लागला की त्या पिवळ्या धुळीनं डोळ्यांना धारा लागतात आणि सासूबाई खेकसतात, "काहून रडून राहिली? लोक म्हनतील, आमीच छळतो."

परवा दिरासाठी साखऱ्याला मुलगी पाहायला गेलो. पोरगी चहाचा ट्रे घेऊन चाचपडत आली. नाकावर चष्म्याचे ताजे वण होते. सासूबाईंनी ते बरोबर हेरले आणि तिच्या आईला म्हणाल्या, "ऑपरेशन करून टाका. आमच्या सुनंचं झालं, काई तकलीफ न्हाई. बघा तिच्याकडं."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. पोरगीही डोळे बारीक करून बघत होती, पण तिला काय दिसणार! माझ्या डोक्यात तिडीक गेली.

"चष्मा कुठंय तुझा? घाल आधी," मी म्हणाले.

तिनं आतून आणून घातला आणि माझे लाल, गळके डोळे नीट पाहून घेतले.

परतताना गाडीत माझ्या डोळ्यांना धारा लागल्याच होत्या. काहून रडून राहिली, हे या वेळी सासूबाईंनी विचारलं नाही.