परी कुणाला जाऊ द्यायची नाही

पोरांच्या घरातले किस्से म्हणजे धुण्याचा ढीग. आजचे घडी करून ठेवावेत, तर उद्याचे तयार! आमच्या घरात तर सहा पोरी होत्या, त्याही अफगाणिस्तानातल्या. लढाईत आईबाप गमावलेल्या. एका संस्थेनं त्यांना शिकायला पनवेलला आणलं, करंजाड्यात दुसऱ्या मजल्यावर फ्लॅट घेतला, आणि शाळेतून नुकतीच रिटायर झालेली मी त्यांच्यासोबत राहायला गेले. संस्थेला वाटलं, मी त्यांना सांभाळीन. असो.

सगळ्यात मोठी झरमीना, चौदाची. सगळ्यात धाकटी परी, सातची. परीचे बाबा बाजारात गेले आणि तिथं बॉम्ब फुटला. तेव्हापासून कुणी घराबाहेर निघालं की हिचा जीव खालीवर व्हायचा. रडायची नाही. चपला लपवायची! पाहुण्यांच्या, माझ्या, दूधवाल्याच्यासुद्धा. मला एकच घोर होता. गेलेलं माणूस परत येतं, हे या पोरीला पटणार कधी?

*

स्वयंपाकाला हाजराबी होत्या, पनवेलच्याच. पहिल्या दिवशी त्यांनी तांदळाची भाकरी केली. झरमीनाच्या हातून तुकडा खाली पडला. तिनं तो उचलला, ओठांना लावला, कपाळाला लावला आणि खाऊन टाकला. हाजराबी पदराला डोळे पुसत म्हणाल्या, "बाई, आमची अम्मी अशीच करायची. ही पोरां आमचीच हायत."

त्या दिवसापासून त्या पोरींच्या आजी झाल्या. आणि मी पानात भाकरी टाकली की मला ओरडा!

*

सोसायटीचे सेक्रेटरी नेनेकाका आवाजाची तक्रार घेऊन आले. चांगले तावातावानं बोलले, निघाले, तर चपला गायब! शोधाशोध होईपर्यंत झरमीनानं वेलची घालून हिरवा चहा दिला. चहा पिता पिता काकांची नजर तिच्या गणिताच्या वहीवर गेली. "अरे अरे, असं सोडवतात का कुणी?"

पुढं चार वर्षं ते रोज संध्याकाळी फुकट गणित शिकवायला यायचे. चपला मात्र मांडीखाली घेऊन बसायचे!

*

उरणहून आनंदी कोळीण पाटी घेऊन यायची. डोंगरातल्या या पोरी, बोंबील बघून आत पळाल्या. परी तेवढी थांबली. आनंदी उठायला गेली तर डोक्यावरची चुंबळ नाही! पाटी उचलणार कशी? मी लाजेनं अर्धी झाले आणि परीच्या बाबांची काय गोष्ट आहे ते तिला सांगितलं.

आनंदी रागावली नाही. पदराचीच चुंबळ केली आणि परीला म्हणाली, "ती ऱ्हाऊ दे तुज्याकडं. ती न्यायला तरी मना यावाच लागंल ना?"

मंगळवारी ती आली. परीनं चुंबळ दिली, आनंदीनं जाताना दुसरी ठेवली. मग दर मंगळवारी हेच. एकदाही चुकली नाही बाई! शिकलेसवरलेले आम्ही नुसतं समजावत बसलो होतो. तिचे उपकार मी जन्मात विसरणार नाही.

*

पोरींच्या शाळेची सहल कर्नाळ्याला गेली, सोबत मीही. पी.टी.चे सर धापा टाकत सांगत होते, जपून, गड आहे हा. झरमीना वर जाऊन बसलेली. म्हणाली, "सर, आमची शाळा याच्यापेक्षा उंचावर होती."

परतताना परी बसच्या दारात उभी. शेवटचं पोर चढेपर्यंत तिनं बस हलू दिली नाही. ड्रायव्हर मला म्हणाला, हिला कंडक्टर म्हणून आम्हालाच देऊन टाका!

*

मग माझं पित्ताशयाचं ऑपरेशन ठरलं. खरं सांगते, मला ऑपरेशनपेक्षा परीची धास्ती. सकाळी निघाले, तर चपला दारात सरळ मांडलेल्या! म्हटलं, गंगेत घोडं न्हालं.

खाली येऊन रिक्षात पाय टाकणार, तोच मागून धबाक्! परी रिकामी बादली घेऊन उभी. माझी साडी चिंब, रिक्षावाला चिंब. त्या आठवड्यात करंजाड्यात पाण्याची बोंब, आणि ती टँकरची शेवटची बादली! मी जी कावले, विचारू नका. झरमीना मध्ये पडली. म्हणाली, "बाई, आमच्याकडे निघालेल्या माणसाच्या मागं पाणी टाकतात. म्हणजे माणूस परत येतं."

मी गुपचूप रिक्षात बसले. भीती होतीच मनात, ती तेवढ्यापुरती गेली.

घरी परतले तेव्हा परी गेटातच होती. माझ्या हाताला, तोंडाला हात लावून तिनं खात्री करून घेतली. मी तिला जवळ घेतलं. म्हटलं, "आले की नाही? पण अगं, पेलाभर पाणी पुरलं असतं. अख्खी बादली कशाला?"

"बाबांच्या वेळी पेलाभरच टाकलं होतं," ती म्हणाली.