वॉकीटॉकीतली खरखर

लिफ्टमध्ये पेशंट अडकला होता आणि मी वॉकीटॉकीसमोर शेवेची पुडी चुरगाळत होतो. हे आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही — आणि तिला तर मी काय काय सांगून बसलोय!

देवपुरातल्या एका खासगी दवाखान्यात लिफ्ट, जनरेटर, पाण्याच्या टाक्या माझ्याकडे. मोबाइलवर माणसं सापडत नाहीत म्हणून सगळ्यांच्या कमरेला वॉकीटॉकी आले आणि मी लगेच एक शोध लावला. नकोसा कॉल आला की बटण दाबून धरायचं, तोंडासमोर पुडी चुरगाळायची. पलीकडे नुसती खरखर! वर म्हणायचं, "आवाज तुटतोय, सिस्टर." हुशारी म्हणतात ती हीच ना?

आणि एकाने बटण दाबून धरलं की दुसऱ्याचा आवाज जात नाही — हे मला पक्कं ठाऊक होतं.

त्या दुपारी मी गच्चीवर टाकीच्या सावलीत बसलो होतो. आयसीयूतल्या मंगला सिस्टरचा आवाज आला, "भाऊ, लिफ्ट—" लिफ्टचा पंखा वाजतो, ही त्यांची रोजची तक्रार. मला वाटलं, तीच. वाटलं — की वाटून घेतलं? मी पुडी चुरगाळली. पुन्हा "भाऊ—". पुन्हा चुरगाळली.

आत मंगला सिस्टर अडकल्या होत्या, आणि त्यांच्यासोबत स्ट्रेचरवर शिंदखेड्याकडची एक अक्का. दम लागलेली. सिलिंडर संपत आलेला. दारावरच्या थापा ऐकून वॉचमन धापा टाकत गच्चीवर आला, तेव्हा कुठे मी पळालो. किल्लीने दार उघडलं. अक्का वाचली. तिच्या मुलाने माझ्या गळ्यात हार घातला — आणि मी तो मान वाकवून घेतला.

दवाखाना चालवणाऱ्या मॅडमनी चौकशी केली, कॉल पोचला का नाही? मी म्हणालो, "सिस्टरनी बटण नीट दाबलं नसेल." बस, एवढंच. मंगला सिस्टरना आयसीयूतून काढून केसपेपरच्या खिडकीत बसवलं. त्या भांडल्या असत्या तर बरं झालं असतं. पण आजही नव्या मुलींच्या हातात सेट देताना त्या म्हणतात, "बटण नीट दाबा गं, माझ्यासारखं करू नका." माझं खोटं त्यांना खरं वाटतंय.

उद्या सकाळी मॅडमसमोर उभा राहणार. सिस्टरना बोलावून, त्यांच्या देखत हेच सगळं सांगणार. नोकरीचं व्हायचं ते होवो. माफी मागणार नाही — मागितली की समोरच्याला द्यावी लागते.

मी सांगितलं कुणाला नाही, पण एकीला कळलं होतं. सिस्टरच्या सेटमधली खरखर तिने लिफ्टमध्ये ऐकली होती, आणि दार उघडल्यावर माझ्या मिशीतली शेवही पाहिली होती. घरी जायच्या दिवशी अक्काने मला जवळ बोलावलं. आशीर्वाद देत असेल म्हणून मी वाकलो. ती म्हणाली,

"भाऊ, पहिले शेव खाई लेत जाय, मंग बटन दाबत जाय."