बिळं बुजवणारे कासममामू

कासममामू कुठलंही दार लावायच्या आधी आत डोकावून विचारायचे, "आत कोन हाय काय?" दार न्हाणीघराचं असो, कोठाराचं असो, की आमच्या ऑफिसातल्या फायलींच्या कपाटाचं. "मामू, कपाटात कोण बसणार?" म्हणून आम्ही कारकून मंडळी खिदळायचो. ते हसायचे नाहीत. क्षणभर उत्तराची वाट पाहायचे आणि मगच कडी घालायचे. ही खोड त्यांना त्यांच्या कामानं लावली होती.

काम विचित्रच होतं. कुवेतमध्ये फिंतास गावाच्या अलीकडे एका ब्रिटिश ठेकेदार कंपनीची वसाहत होती. पन्नासच्या दशकात मी तिथे टायपिस्ट होतो. कंपनीचे मॅनेजर सैन्यातून निवृत्त झालेले मेजर. आपल्या इंग्लंडातल्या गावची रीत वाळवंटात रुजवायचीच, असा त्यांचा हट्ट. त्यासाठी त्यांनी विलायतेहून आगबोटीनं वीस-पंचवीस शिकारी कुत्री आणवली. थंडीच्या दिवसांत दर शुक्रवारी सकाळी लाल कोट घातलेले साहेब घोड्यांवर बसायचे, बिगुल वाजायचा आणि सगळा लवाजमा एका कोल्ह्यामागे धावत सुटायचा.

"कोला नाय ता. खोकड हाय," मामू सांगायचे. "तलहाताएवडा जीव. त्याच्या मागं येवडी पलटन!"

मामू मूळचे दाभोळच्या खाडीकाठचे, आधी आगबोटीवर खलाशी. कंपनीत त्यांच्याकडे कुत्र्यांचं खाणंपिणं होतं. कुत्र्याची लाळ लागली की सात वेळा धुवायचं, त्यातली एक वेळ मातीनं, हा त्यांच्या धर्माचा नेम त्यांनी एकदाही मोडला नाही. पाणी तेव्हा टँकरनं यायचं आणि मोजून मिळायचं. मामू सहा वेळा चमच्याएवढं पाणी घ्यायचे, पण वाळूच्या वेळी मात्र ओंजळभर. "हिचा काय तोटा हाय इथं?"

आणि दुसरं काम बिळं बुजवायचं. खोकड अंधारात खायला बाहेर पडतं. ते परतायच्या आत पहाटे जाऊन त्याच्या बिळांची तोंडं दगडमातीनं बंद करायची, म्हणजे दिवसा कुत्री मागे लागली की त्याला घर उघडं सापडत नाही आणि साहेबांना हवं तेवढं पळवता येतं. मामू प्रत्येक बिळाशी गुडघे टेकायचे, जमिनीवर तीनदा थाप मारायचे आणि विचारायचे, "आत कोन हाय काय?" आतून हालचाल ऐकू आली की ते बीळ तसंच सोडून पुढे जायचे. मेजरांना याचा पत्ता नव्हता.

साहेब लोकांत या शिकारीवरून दोन तट पडले होते, हे मला क्लबच्या नोटिसा टाइप करता करता कळलं. दवाखान्यात नवी नर्स आली होती. कुठल्याशा गिरण्यांच्या शहरातली, तरुण, तोंडाची फटकळ. हा क्रूरपणा आहे, विलायतेत यावर बंदी यायला हवी, असं ती भर क्लबात म्हणाली. मेजर म्हणाले, शहरातल्या लोकांना गावाकडचं काय कळतं? आज शिकार बंद करतील, उद्या आमच्या जमिनी घेतील. मग काय, जो शुक्रवारी घोड्यावर बसत नाही तो मजूर पक्षाचा, असं ठरून गेलं. नाताळच्या जेवणाला काहींना बोलावणंच गेलं नाही. हजारो मैलांवरच्या गावांचं भांडण ही माणसं वाळूत बसून भांडत होती. आम्हाला मौज वाटायची. आपल्याला त्याचा काही त्रास नाही, अशी माझी समजूत होती.

फेब्रुवारीतल्या एका पहाटे मेजर स्वतः मामूंबरोबर गेले. आधीच्या शुक्रवारी खोकड एका उघड्या बिळात शिरून वाचलं होतं, म्हणून त्यांना संशय आला होता. त्याच बिळाशी मामूंनी थाप मारली, विचारलं. आतून पिल्लांची बारीक कुंईकुंई ऐकू आली. मामू थांबले. मेजर मागे कमरेवर हात ठेवून उभे. म्हणाले, "बंद कर."

मामूंनी बंद केलं. गावाकडे सात माणसं त्यांच्या नोकरीवर जेवत होती, आणि कुवेतमध्ये राहायची परवानगी कंपनीच्या हातात होती.

सकाळी त्या पिल्लांची आई कुत्र्यांपुढे धावत आली ती थेट आपल्या दाराशी. दार बंद. तिथेच ती मारली गेली. दुपारी मामू एकटेच गेले आणि हातांनी माती उकरून तीन पिल्लं सदऱ्यात घालून घेऊन आले. डब्यातलं दूध कापसाच्या बोळ्यानं पाजलं. चौथ्या दिवसापर्यंत तिन्ही गेली.

त्या दिवशी मामू माझ्या खोलीवर आले. नर्सबाई कधीपासून त्यांच्या मागे लागल्या होत्या की तुम्ही पाहता ते सांगा, मी विलायतेच्या पेपरात पाठवते. "मना लफडा नको," म्हणून ते टाळत आले होते. आता उभ्या उभ्याच म्हणाले, "भाऊ, लिव. मी इचारला, आतून जवाब आला. तरी मी बुजवला. ह्यो असाच लिव."

मी त्यांचं सांगणं इंग्रजीत उतरवलं. बाईंनी मला बजावलं होतं, नाव घालू नका, 'एक नोकर' एवढंच लिहा. मजकुरात मी नाव घातलं नाही. पण आमच्या ऑफिसची शिस्त अशी की अंगठ्याखाली माणसाचं नाव, बापाचं नाव, खातं आणि नंबर टाइप झालाच पाहिजे. तशा शेकडो अर्जांवर मी ती ओळ मारली होती. इथेही बोटांनी आपोआप मारली. मामूंनी अंगठा दिला. बाईंनी घाईत, खालची ओळ न बघताच कागद घेतला आणि पेपरात पाठवण्याआधी इथल्या साहेबांनीही वाचावा म्हणून संध्याकाळी तो क्लबच्या फळ्यावर लावला.

बाईंना कोणी काही बोललं नाही. त्या त्यांच्यातल्याच. फार तर चहाचं बोलावणं बंद झालं. मामूंना तीन दिवसांत देश सोडायचा हुकूम निघाला. तो टाइप करायचं काम माझ्याकडेच आलं. नाव, बापाचं नाव, खातं, नंबर. तीच ओळ. तेव्हा कुठे माझ्या ध्यानात आलं की मी काय करून बसलो होतो.

धक्क्यावर मी त्यांना सोडायला गेलो. एक पत्र्याची पेटी आणि एक वळकटी. माझा धीर होत नव्हता, पण सांगितलं. "मामू, कागदावर तुमचा नंबर मी घातला. चुकून. तुमचं वाटोळं मी केलं."

मामू समुद्राकडे बघत होते. म्हणाले, "मना वाचता येत नाय, पन अंगठ्याखाली ओल बघितली ना मी. पगाराच्या कागदावर असते तशीच. तवाच समजलो."

"मग अंगठा का दिलात?"

"बिननावाचा कागद म्हंजे रिकामा बील, भाऊ. थाप मारून कोन इचारील, तर आत कोन तरी नको काय?"

हे खरं होतं, की माझं ओझं उतरावं म्हणून ते बोलले, मला अजून ठरवता आलेलं नाही. ओझं काही उतरलं नाही. लाँच सुटली, आणि पुढे मामूंची खबर कधी लागली नाही.

सहाएक महिन्यांनी नर्सबाईंचं पाकीट आलं. त्या केव्हाच विलायतेला परतल्या होत्या. आत वर्तमानपत्राचं कात्रण होतं आणि सोबत दोन ओळी: खूप चर्चा झाली, तुमच्या मित्राला कळवा. त्यांनी नाव कापून मजकूर पाठवला होता. बातमीत मेजरांच्या बाजूची पत्रं होती, बाईंच्या बाजूची होती, गाव आणि शहर यांवर बरंच काही होतं. शेवटी एक वाक्य होतं, की एका अरब नोकरानंही शिकारीबद्दल नापसंती दाखवली.

मी ते कात्रण टेबलावर ठेवलं, त्यावर बोटांनी तीनदा थाप मारली आणि मामूंसारखं विचारलं. आत कोणी नव्हतं.