वस्तीकडं आपोआप वळणारी जीप

तुम्ही चोर शोधतच नाही. तुम्ही पत्ता शोधता, आणि तो तुम्हाला आधीच पाठ असतो! ज्याला लागू पडेल त्यानं घ्यावं. मी समाजशास्त्रात एम. ए. करून पोलिसात आले, बारामती आणि इंदापूरच्या मधल्या एका ठाण्यात. इथं गुन्हे निकाली निघोत न निघोत, किस्से रोज दाखल होतात.

माळेगावच्या बाजूला उसाच्या ट्रॅक्टरची बॅटरी गेली. जीपमध्ये बसताना मी विचारलं, "आधी घटनास्थळ ना?" तोवर ड्रायव्हर पारधी वस्तीकडं वळलाही होता. संध्याकाळी कळलं, मालकाच्या पुतण्यानंच ती चार्जिंगला दिली होती.

आमचे हवालदार तात्या शांतपणे म्हणाले, "तपास बरूबर हुता. बॅटरी चुकीच्या जागी घावली."

मग भेदभावावर शिबिर झालं. पुण्याहून आलेल्या मॅडमनी विचारलं, "तुमच्याकडं भेदभाव होतो का?" एकही हात वर नाही. शेवटी तात्या उठले.

"अजिबात न्हाय, म्याडम. पारधी असू दे, न्हायतर त्याचा भाऊ असू दे. दोघान्लाबी सारखंच उचलतो!"

टाळ्या पडल्या. मॅडमनी पाणी मागितलं.

हल्ली कुठं चोरी झाली की वस्तीवरची दोन-चार माणसं स्वतःच डबा घेऊन ठाण्यात येऊन बसतात. जीप आली की पोरं घाबरतात, म्हणून. मला लाज वाटली. तात्यांना कौतुक वाटलं. "समाज सुधारतोय," म्हणाले.

त्याच वस्तीवरचा आकाश आयटीआय झाला. एमआयडीसीतल्या एका डेअरीनं त्याला घेतलं, फक्त चारित्र्याचा दाखला आणायला सांगितलं. त्याच्यावर एकही गुन्हा नाही. पण अहवाल तात्यांनी द्यायचा, आणि तात्या देईनात.

मी चिडले. "तात्या, नावावर काहीच नाही त्याच्या!"

"त्येच तर! कितींदा आणला चौकशीला, एकदाबी काय घावलं न्हाय. म्हंजी किती तयार असंल, बघ की!"

दुसऱ्या दिवशी कामावर हजर व्हायचं, म्हणून आकाश सकाळपासून ठाण्यातल्या बाकावर बसून होता. भर दुपारी फोन आला: कन्हेरीत आत्ताच कुणीतरी विहिरीवरच्या मोटारीची केबल कापून नेली. तात्या त्याच्यासमोरूनच धावत बाहेर पडले. जीप कुठं गेली, ते सांगायला नको.

थोड्या वेळानं तात्यांचा मला फोन. "वस्तीवर समदी हायती, आकाश तेवढा न्हाय. फरार दिसतोय! त्याची आई म्हंती, ठाण्यात बसलाय. बघ गं, हाय का तितं?"

"आहे. माझ्यासमोर आहे. सकाळपासून."

तात्या म्हणाले, "मग सोडू नको त्याला!"

फोन चालूच होता. मागून त्याच्या आईचा आवाज आला.

"मग दाखल्यावर तेवढंच लिवा, सायेब. चोरी झाली तवा ह्यो तुमच्यापाशीच बसला हुता."